गाळलेली ओळ

इंग्लंडमधल्या आमच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारती टेकडीवर होत्या. आमचं ऑफिस मात्र खाली गावात, एका बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. आपल्याकडे ज्याला बहिःशाल विभाग म्हणतात, तसला तो विभाग. ज्यांना विद्यापीठापर्यंत येता आलं नाही त्यांच्याकडे विद्यापीठानेच चालत जायचं, असं माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापलेलं असे. काउंटीभर, म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात, वर्ग चालत. गुलाबांची छाटणी, पक्षी ओळखणं, जुन्या चर्चचा इतिहास, वाइनची पारख. आणि अगदी शेवटच्या पानावर 'आशियाई स्त्रियांसाठी इंग्रजी'. तो वर्ग माझा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी पुण्यात तीन वर्षं शाळेत शिकवलेलं, रीतसर बी.एड. झालेली. इथे आल्यावर त्या बी.एड.चा कागद कुणी हातातसुद्धा घेतला नाही. आठ वर्षं मी बिस्किटांच्या फॅक्टरीत पॅकिंग केलं. त्यामुळे हे काम मिळालं तेव्हा मी हुरळून गेले होते. पुढे मी जिथे जिथे गप्प बसले, तिथे तिथे हे हुरळणंच आड आलं.

वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी, कम्युनिटी सेंटरच्या मागच्या खोलीत. दुपारी तिथे प्लेग्रुप भरायचा, म्हणून खुर्च्या गुडघ्याएवढ्या. त्यावर आमच्या नऊ बायका अवघडून बसत. बहुतेक पंजाबी आणि गुजराती. मराठी एकच, साठीच्या पुढच्या आजी. साताऱ्याकडच्या. नऊवारीवर मुलाचा जुना ओव्हरकोट घालून यायच्या.

त्यांचा मुलगा हॉस्पिटलमध्ये कन्सल्टंट होता. मराठी मंडळात त्याचा शब्द चाले. गणपतीच्या कार्यक्रमात तो दरवर्षी भाषण करी. आईने लोकांच्या घरी भाकऱ्या थापून मला डॉक्टर केलं, असं सांगताना त्याचा आवाज भरून येई, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आजी मान खाली घालत. लोक डोळे पुसत. मीही पुसलेत.

बायको इंग्रज. स्वभावाने चांगली. तीच आजींना गाडीने सोडायला आली आणि म्हणाली, "त्यांना फोन तरी घेता आला पाहिजे."

पहिल्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की आजींना इंग्रजीच काय, मराठीही वाचता येत नाही. पेन्सिल त्या दाभणासारखी मुठीत धरत. मी 'ए फॉर ॲपल' काढून दाखवलं तर त्या फळ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, ह्यो वाकडा खांब म्हंजी सफरचंद कसा काय?"

ज्या बाईला रेघेतून आवाज निघतो हेच कुणी कधी सांगितलेलं नाही, तिला परक्या भाषेच्या रेघा कशा शिकवायच्या? बी.एड.मध्ये मला एवढं तरी शिकवलं होतं की माणूस आधी आपल्या तोंडातल्या भाषेत वाचायला लागतो. बाकीच्या बायका जोडीजोडीने संवाद पाठ करत असताना मी आजींच्या शेजारी बसून त्यांच्या वहीत 'बस' लिहिलं. काना नाही, मात्रा नाही.

"ब. स. बस," मी म्हणाले.

त्यांनी बोटाने ते गिरवलं. मग एकदम हसल्या. "म्हंजी त्या लाल गाडीला बी ह्येच, आन् खाली बस म्हनायला बी ह्येच?"

"आणि पुरे म्हणायलाही."

"तिन्हीला येकच! लई काटकसर हाय की."

त्यानंतर आजींनी एकही वर्ग चुकवला नाही. घरी भांडी घासता घासता ओट्यावर साबणाने अक्षरं काढायच्या. दोन टर्ममध्ये त्या जोडाक्षरं सोडून बाकी वाचायला लागल्या, अडखळत, प्रत्येक अक्षराला दम खात. आणि गंमत म्हणजे इंग्रजीही त्यानंतर यायला लागलं. बसच्या कपाळावरचं गावाचं नाव त्यांनी स्वतः ओळखलं त्या दिवशी त्या चुकीच्या स्टॉपवर उतरल्या, केवळ आनंदात.

याच काळात ते पत्र आलं. मुलगा कॉन्फरन्सला गेला होता. भारतातून आलेली पत्रं तोच वाचून दाखवायचा, सुनेला देवनागरी येत नव्हतं. आजींना अजून घाईचं हस्ताक्षर लागत नसे. वर्ग संपल्यावर त्यांनी निळं एरोग्राम माझ्यापुढे धरलं. "भाच्याचं असंल. वाचा की जरा."

मी आधी मनात वाचलं. भाच्याने लिहिलं होतं की आईने अंथरूण धरलंय. पोटात पाणी होतंय, डॉक्टरांनी हात टेकलेत. सारखं तुझं नाव घेते. 'मावशी, जमलं तर एकदा येऊन जा.' आणि खाली, 'मागच्या दोन पत्रांतही लिहिलं होतं, उत्तर आलं नाही.'

आजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बाहेर सून गाडी घेऊन उभी होती. मी म्हणाले, "बहिणीची तब्येत जरा नरम आहे म्हणतात. तुमची आठवण काढतात."

"नरम म्हंजी?"

"वय झालं ना आता. बाकी सगळे बरे आहेत."

एवढंच. मी ती ओळ गाळली. मला वाटलं, घरात मुलगा नाही, ही बाई इथेच कोसळेल. मुलगा परत आला की त्याला सांगू, तो डॉक्टर आहे. मी खरंच फोन केला. तो म्हणाला, "थँक्स, मॅडम. ते मी हँडल करतो. तुम्ही ए-बी-सी-डीचं बघा." आणि मी ए-बी-सी-डीचं बघितलं. आज हे लिहितानाही कानशिलं तापतात. त्याच्यावर आधी की माझ्यावर, ते मलाही नीट सांगता येत नाही.

त्यानंतरच्या टर्ममध्ये ऑफिसचा ऑर्गनायझर, म्हणजे आमचा वरिष्ठ, वर्ग बघायला आला. दाढीवाला, कॉर्डरॉयचं जाकीट घालणारा, मृदू बोलणारा माणूस. फळ्याच्या एका कोपऱ्यात माझी मराठी बाराखडी होती. तो तिच्याकडे बघून प्रसन्न हसला, बायकांशी हात मिळवले, एकदोन फोटो काढले, चहा प्यायला. चार दिवसांनी मला ऑफिसात बोलावलं.

"तुझं काम फारच छान आहे," तो म्हणाला. "पण हा इंग्रजीचा वर्ग आहे. त्यांची भाषा त्यांनी घरी जपावी. ती शिकवणं आपल्या कक्षेत येत नाही."

"घरी त्यांना कुणी शिकवलं नाही. म्हणून तर त्या इथे आल्यात."

"आय डू सिम्पथाइझ," तो म्हणाला.

"आणि मराठी आल्यामुळेच त्यांचं इंग्रजी पुढे सरकलं. हवं तर परीक्षा घ्या."

"तसा काही पुरावा आपल्याकडे नाही ना."

मी त्याला विचारायला हवं होतं की गुलाबाची छाटणी शिकून कुणाचं काय पुढे सरकलं, याचा पुरावा आहे का. विचारलं नाही. बिस्किटांची फॅक्टरी आठवली. पुढच्या टर्मचं माहितीपत्रक आलं त्यात शेवटच्या पानावरचा माझा वर्ग नव्हता. त्याजागी भिंतीवर चढवायच्या वेलींचा कोर्स होता. मला संध्याकाळी ऑफिसात फॉर्म लावायचं काम दिलं. बायकांना कुणी काही कळवलंही नाही. मंगळवारी त्या नेहमीसारख्या आल्या आणि कुलूप बघून परत गेल्या. पावसात.

सहा आठवडे वर्ग नव्हता. एका गुरुवारी सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर आजी, ओव्हरकोट घातलेल्या, हातात प्लास्टिकची पिशवी. दोन बस बदलून एकट्या आल्या होत्या. मी कौतुक करायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा बघून मिटलं.

"पाणी नको. चा नको. बसा," त्या म्हणाल्या. माझ्याच घरात मला.

पिशवीतून त्यांनी एरोग्रामचा गठ्ठा काढला. वर्ग बंद झाला, वाचायला काही नाही, म्हणून त्यांनी मुलाच्या टेबलाच्या खणातली जुनी पत्रं बाहेर काढली होती. मुलाने वाचून दाखवलेली, तोंडपाठ असलेली. पाठ आहे ते वाचायला सोपं जाईल, असा त्यांचा हिशेब. पण पत्रात ते नव्हतंच.

"त्यानं वाचलं हुतं, म्हशीला रेडी झाली. ह्या कागदात म्हसच न्हाई. तुमी नुसतं बोट ठिवा. मी चुकले तर सांगा. वाचू नका. मी वाचनार."

मी बोट ठेवलं. त्या वाचू लागल्या. अर्धा तास लागला असेल चार ओळींना. "मा-व-शी-स. सा-षटां-" तिथे अडखळल्या, मी सांगितलं. "आ-ई. का-ल. प-हा-टे. गे-ली."

त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्या शब्दांत एकही जोडाक्षर नव्हतं.

पत्र आठ महिन्यांपूर्वीचं होतं. आठ महिने तो मुलगा त्यांना बहिणीची खुशाली वाचून दाखवत होता. मेलेल्या बाईचा नमस्कार सांगत होता. आजी तिच्यासाठी इथे बसून स्वेटर विणत होत्या, आणि तो लोकर आणून देत होता.

मी रडायला लागले. आजी रडल्या नाहीत. त्यांनी गठ्ठ्यातून दुसरं पत्र काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी ते लगेच ओळखलं. त्यांनी खालच्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं आणि न अडखळता वाचलं, म्हणजे घरून वाचून आल्या होत्या. "एकदा येऊन जा." मग माझ्याकडे बघितलं.

"बाई, हे तवा हितं हुतं का?"

"होतं."

"तुमाला दिसलं हुतं?"

"हो, आजी."

"मंग?"

मी काय सांगणार? तुमची काळजी वाटली, असं म्हटलं असतं तर तेच वाक्य त्यांच्या मुलाच्या तोंडी शोभलं असतं. मी म्हणाले, "चुकलं माझं."

"ती दोन म्हैनं जगली त्याच्यानंतर," आजी म्हणाल्या. पत्रं परत पिशवीत घातली, कोटाची बटणं लावली. "तुमी मधी पडू नका आता. माजं मी बगते." आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या. मी मागून गेले तर हातानेच थांबवलं.

त्यांनी घरी जाऊन मुलाकडे पासपोर्ट मागितला. हे मला त्यानेच सांगितलं, कारण शनिवारी दुपारी तो माझ्या घरी आला. बुटांसकट आत, कोट न काढता.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "आई माझ्याशी बोलत नाहीये. सत्तरी जवळ आली तिची, हार्ट वीक आहे. मी डॉक्टर आहे, तिला काय सांगायचं आणि काय नाही ते मी ठरवणार."

"आणि मेलेल्या बहिणीचे निरोप? तेही हार्टसाठी?"

"ती रोज रडली असती."

"रडली असती. तिची बहीण होती ती. तिचं रडणं तुम्ही कशाला काढून घेतलंत?"

"माझी ड्यूटी होती, मुलाची परीक्षा होती, मी कसा नेणार होतो तिला? प्रॅक्टिकल बोला जरा."

"मग तसं सांगायचं. जमत नाही म्हणून. ज्या आईच्या भाकऱ्यांवर तुम्ही दरवर्षी टाळ्या घेता, तिला तोंडावर नाही म्हणायची हिंमत नाही तुमच्यात?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. मग तो अगदी हळू बोलला. "तुम्हीही ते पत्र अर्धंच वाचलं होतंत, मॅडम. अबोला धरण्याआधी आईने एवढं सांगितलंय मला."

तो गेला तरी मी दाराशीच उभी होते. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि त्यातला निम्मा कुठे टाकायचा ते कळत नव्हतं.

आजी वसंतात भारतात गेल्या. त्या विमानतळाकडे निघाल्या तेव्हा मी त्यांच्या गल्लीच्या टोकाशी उभी राहिले. गाडी थांबली नाही.

त्याच सुमारास मी वर्ग पुन्हा सुरू करायचं ठरवलं, ऑफिसला न विचारता. मंडळाकडे हॉल मागितला. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, डॉक्टरसाहेबांना वाईट वाटेल. बायकांना भडकवता म्हणतात तुम्ही." शेवटी जागा दिली एका पोस्टमनने. नागपूरकडचा बौद्ध माणूस, पहाटे टपाल वाटून अकराला घरी येणारा. त्याने स्वतःच्या बैठकीच्या खोलीतला सोफा भिंतीला लावला आणि म्हणाला, "ताई, आमच्या घरात शिकायला कुणाला नाही म्हणत नसतात. माझी आई पन्नाशीत सही शिकली." तिथे मराठी, गुजराती, पंजाबी, जिला जे हवं ते. ज्या बाईला आपली लिपी येई ती दुसरीला शिकवी, आणि इंग्रजी मी. चार वर्षं चाललं. सोफा कायमचाच भिंतीला लागला.

आजींचं पत्र तिकडे गेल्यावर वर्षभराने आलं. मोठमोठी अक्षरं, रेघ वर चढत गेलेली. लिहिलं होतं की बहिणीच्या घरीच राहते, भाच्याच्या पोरीचा अभ्यास घेते, गुडघा दुखतो. मुलगा फोन करतो, मी बोलते, तो पोटचा आहे. आणि मग: 'तुमचा राग अजून हाय. पन राग लिहाया तुमीच शिकिवलं.' मी ते पत्र कुणालाही दाखवलं नाही.

मी संध्याकाळी ऑफिसात फॉर्म लावतच होते. नव्वदीच्या मध्यावर नवीन माहितीपत्रकांचे गठ्ठे छापखान्यातून आले. मी दोरी कापली. मुखपृष्ठावर रंगीत फोटो होता. गुडघ्याएवढ्या खुर्चीवर आजी, मुठीत पेन्सिल, मागे फळ्यावर माझी बाराखडी. ऑर्गनायझर वर्ग बघायला आला त्या दिवशी त्यानेच काढलेला. खाली छापलं होतं की आमचा विभाग मातृभाषेतून साक्षरतेच्या कामात अनेक वर्षं अग्रेसर आहे. आता त्या कामाला वरून मान्यता मिळाली होती.

मी ते घेऊन त्याच्या खोलीत गेले.

"हा वर्ग तुम्ही बंद केला होता," मी म्हणाले.

"काळ बदलला," तो खुशीत म्हणाला. "तू द्रष्टी होतीस. तुला आनंद होईल असं वाटलं."

"या बाईंना विचारलंत? त्यांचा फोटो छापण्याआधी?"

"त्या तर परत गेल्या ना? आणि तसंही," तो हसला, अगदी निरागसपणे, "त्यांना थोडंच हे वाचता येणार आहे."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. टायपिस्ट मुली कॉरिडॉरमध्ये येऊन उभ्या राहिल्या होत्या एवढं आठवतं. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच माझं इंग्रजी कुठे अडलं नाही. मी म्हणाले की ती बाई दोन लिप्या वाचते, तुम्हाला किती येतात? तुमचं विद्यापीठ एका खोलीच्या कुलपापर्यंत चालत आलं आणि परत फिरलं, तेव्हा तिने एकटीने वाचलं, आणि जे वाचलं ते तुम्हाला सोसलं नसतं. तो "प्लीज, प्लीज" म्हणत होता. मी ऑफिसची किल्ली त्याच्या टेबलावर टाकली.

दुसऱ्या दिवसापासून मी शॉपिंग ट्रॉली घेऊन बसने हिंडले. लायब्रऱ्या, सर्जऱ्या म्हणजे डॉक्टरांचे दवाखाने, कम्युनिटी सेंटरं, जिथे जिथे ती माहितीपत्रकं ठेवलेली असत ते मला पाठ होतं, पत्ते मीच चिकटवले होते. प्रत्येक ठिकाणचा गठ्ठा उचलला. कुणी विचारलं नाही. साडीतली बाई ट्रॉलीत कागद भरते तिला कोण विचारतो. आठवडाभरात मागच्या अंगणातली कोळशाची खोली भरली.

आजींचा मुलगा होता त्या हॉस्पिटलच्या आउटपेशंट विभागातही एक स्टँड होता, दारातच, डॉक्टरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. तिथे मी गेले, हात पुढे केला, आणि मग तो गठ्ठा नीट सरळ करून सर्वांत वरच्या खणात ठेवला, फोटोतला चेहरा दाराकडे करून. आजींना मीही विचारलं नव्हतं. ते मला तेव्हाच कळत होतं, आणि तरी मी तो तिथेच ठेवून बाहेर पडले.